बाईंची पेटी : पहिल्या गाडीचं इंजिन



आमच्या बाळकुमच्या शाळेत दर जानेवारीत एक छोटं प्रदर्शन भरतं. या वर्षीचा विषय होता 'घरातली जुनी वस्तू'. चौथीचा वर्ग माझा. मुलांनी काय काय आणलं म्हणून सांगू! पितळी स्टोव्ह, अडकित्ते, वजनमापं, बंद पडलेला रेडिओ, आणि आमचं गाव खाडीकाठचं ना, त्यामुळे मासे धरायची एक जुनी पागसुद्धा. त्या पागेचा वास वर्गात दोन दिवस होता!

शेवटच्या दिवशी एक मुलगी मोठी कापडी पिशवी पोटाशी धरून आली. तिचं नाव इथे सांगत नाही, कारण तिनेच 'बाई, नाव नको हं' असं बजावलं आहे. पिशवीतून जुनं धोतर निघालं आणि धोतरातून निघालं एक आगगाडीचं इंजिन. फूटभर लांब, पितळेच्या आणि लोखंडी पत्र्याचं, चांगलं जड. काळा रंग ठिकठिकाणी उडालेला. चाकं फिरवली की बाजूचे दांडे मागेपुढे होत होते.

"बाई, हे माझ्या आजोबांनी केलंय. पहिल्या गाडीचं इंजिन आहे. आजी सांगते."

आता पहिली गाडी म्हटल्यावर ठाणेकरांना आणखी काही सांगावं लागत नाही. १६ एप्रिल १८५३, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटं. मुंबईच्या बोरीबंदरहून सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन गाडी निघाली ती आपल्या ठाण्यापर्यंत, ३४ किलोमीटर. २१ तोफांची सलामी झाली. गाडीला तीन इंजिनं होती. साहिब, सिंध आणि सुलतान अशी त्यांची नावं सांगतात. ज्या जी. आय. पी. रेल्वे कंपनीने ही गाडी चालवली, तिच्या सुरुवातीच्या संचालकांमध्ये आपले नाना शंकरशेट होते. हे सगळं मुलांना पाठ असतं. त्यामुळे वर्गात एकच गलका झाला. मुख्याध्यापक सर येऊन पाहून गेले आणि प्रदर्शनाच्या दाराशीच हे इंजिन ठेवायचं ठरलं. चित्रकलेच्या बाईंनी सुंदर अक्षरात पाटीही रंगवली : 'भारतातील पहिल्या आगगाडीचे इंजिन'.

मधल्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा आला. त्याला आगगाड्यांचं भारी वेड. त्याने इंजिनाकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे पहिल्या गाडीचं नाहीच! ही खोटं बोलतेय."

झालं! पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माझे आजोबा खोटं बोलणार नाहीत," एवढंच ती म्हणाली. आजोबा आता नाहीत, तेव्हा त्यांना विचारण्याची सोय नव्हती.

मी काय करावं? 'असू दे रे, लहान आहे ती' म्हणून विषय मिटवता आला असता. पण मग पाटीचं काय? चुकीची पाटी लावून दोनशे मुलांना दाखवायची? आणि पाटी काढली तर त्या मुलीला सगळे खोटारडी म्हणणार. मी दोघांनाही जवळ बोलावलं आणि म्हटलं, "आपण या इंजिनालाच विचारू. कुणीही चिडायचं नाही."

तर ऐका, इंजिनाला कसं विचारायचं ते.

पहिला प्रश्न, हे दुकानातलं खेळणं आहे की कुणी हाताने केलेलं? खेळण्यांच्या मोठ्या कारखान्यांची खूण मालावर कुठेतरी असतेच. जर्मनीतली मेर्कलिन, इंग्लंडमधली हॉर्नबी किंवा बॅसेट-लोक या नावाजलेल्या कंपन्या. (ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे ना, ती बॅसेट-लोकने केलेली. सात डबे, आणि प्रत्येकावर शिंद्यांच्या नावाचं एकेक इंग्रजी अक्षर! जेवण झालं की ती पाहुण्यांपुढे पेयं आणि सिगार घेऊन फिरायची. पण ही राजेरजवाड्यांची गोष्ट झाली.) आमच्या इंजिनाला आम्ही उलटंपालटं करून पाहिलं. कसलीच खूण नाही. उलट एका बाजूचे रिबिट थोडे वाकडे, दुसऱ्या बाजूचे सरळ. पत्र्याच्या आतल्या बाजूला कसल्यातरी डब्यावरची जुनी छपाई दिसत होती. म्हणजे हे घरगुती काम, मिळेल त्या सामानातून केलेलं. चाकं मात्र लेथवर कातलेली, अगदी गोल. ज्याने केलं त्याचा हात मशीनवर बसलेला होता.

दुसरा प्रश्न, चाकं किती? वाफेच्या इंजिनांची जात चाकांवरून ठरते. पुढची लहान चाकं, मधली दांड्यांनी जोडलेली चालक चाकं आणि मागची लहान चाकं, अशी ओळीने मोजायची. १८५३ च्या गाडीची इंजिनं इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात १८५२ साली तयार झाली. ती २-४-० जातीची. म्हणजे पुढे दोन लहान चाकं, मग चार चालक चाकं, मागे काही नाही. शिवाय कोळसा-पाण्यासाठी मागे वेगळा जोडडबा, ज्याला टेंडर म्हणतात. आणि त्या काळच्या विलायती इंजिनांना ड्रायव्हरसाठी बंद केबिन नसे. ऊन लागो की पाऊस, बिचारा उघड्यावर उभा.

आमच्या इंजिनाला सहा चाकं, सहाही सारखी, सहाही दांड्यांनी जोडलेली. ०-६-०. टेंडर नाही, पाण्याच्या टाक्या दोन्ही बाजूंना. वर छप्पर असलेली केबिन. सातवीतला मुलगा गालातल्या गालात हसत होता. त्याचं बरोबर होतं, हे कबूल करावंच लागलं. पण 'काय नाही' ते कळलं म्हणजे 'काय आहे' ते कळलं असं होत नाही. पोरांनो, इथेच पुष्कळ जण थांबतात.

मग आम्ही पट्टी घेतली. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मधलं अंतर, म्हणजे रुळांची रुंदी, भरली ३.२ सेंटिमीटर. आता गंमत पाहा. आपल्या लोकल गाडीचे रूळ, म्हणजे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर रुंद असतात. १८५३ साली पहिली गाडीही त्याच रुंदीवर धावली. १६७६ ला ३२ ने भागा. उत्तर येतं साधारण ५२. म्हणजे हे ब्रॉडगेजचं इंजिन असेल तर खरं इंजिन या नमुन्याच्या ५२ पट मोठं. ठीक. मग केबिनची जमिनीपासून छपरापर्यंतची उंची मोजली. १० सेंटिमीटर. त्याला ५२ ने गुणा. ५२० सेंटिमीटर, म्हणजे १७ फूट! "बाई, ड्रायव्हर राक्षस होता काय?" असं कुणीतरी ओरडलं आणि वर्ग खो खो हसत सुटला.

पण माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर. ६१० भागिले ३२ म्हणजे जवळजवळ १९. आणि १० सेंटिमीटर गुणिले १९ म्हणजे १९० सेंटिमीटर. सव्वासहा फूट. यात माणूस नीट उभा राहील! आणखी एक खूण सापडली. ब्रॉडगेजच्या जुन्या इंजिनांना समोर दोन बाजूंना दोन बफर असत, गाड्या एकमेकींना टेकायला. आमच्या इंजिनाला मध्ये एकच होता. हीसुद्धा लहान रुळांच्या गाडीची खूण.

घाई करू नका, अजून पेच आहे. आपल्या महाराष्ट्रात अडीच फुटी गाड्याही होत्या. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे प्रसिद्धच. अडीच फुटी रूळ म्हणजे ७६२ मिलिमीटर. तो हिशेब तुम्हीच करा. केबिन २.४ मीटर उंच येईल. तीही अशक्य नाही. पण बार्शीच्या सुरुवातीच्या इंजिनांना चालक चाकंच आठ होती आणि मागे आणखी चार लहान चाकं. आमच्याकडे सहा. बार्शी बाद.

आणि आता माझी चूक सांगते. इंजिन आणलं त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं की पुढची आणि मागची चाकजोडी ढिली आहे. मधली जोडी घट्ट, पण पुढची-मागची डावी-उजवीकडे हलते. मला वाटलं, जुनं झालंय, आस खिळखिळा झालाय. मी शिपाईमामांकडून पक्कड मागवली होती. आवळणारच होते, तेवढ्यात घंटा झाली म्हणून राहिलं. घंटा झाली नसती तर मी सगळ्यात मोठा पुरावा स्वतःच्या हाताने मोडून ठेवला असता!

झालं असं, की आमच्या शाळेतल्या एका बाईंचे भाऊ रेल्वेची जुनी माहिती आणि फोटो जमवतात. मी रविवारी इंजिन त्याच धोतरात गुंडाळून त्यांच्याकडे नेलं. मुलगी आणि तिचे बाबाही बरोबर होते. त्या गृहस्थांनी इंजिन हातात घेतलं, पुढची चाकं बोटाने हलवली, आणि एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "हे ज्याने केलंय, त्याने खरं इंजिन उघडून पाहिलेलं आहे."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. नेरळ ते माथेरान हा सुमारे २१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधला, पैसा दिला त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. १६ लाख रुपये खर्च आला आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, तेच बार्शी रेल्वेवाले. डोंगर चढायचा म्हणजे वळणं आलीच, आणि तीही कशी? काही वळणांची त्रिज्या अवघी ६० फूट. चढ काही ठिकाणी २० फूट पुढे गेलं की १ फूट वर. असा चढ चढायला सगळीच्या सगळी चाकं जोर लावणारी हवीत, म्हणून ०-६-०. पण सहा चाकं दांड्यांनी एका रेषेत बांधली तर इंजिन वळणार कसं? तुम्ही तिघे मित्र एक लांब बांबू खांद्यावर घेऊन चाळीच्या बोळातून वळून बघा, म्हणजे कळेल.

यावर दोन जर्मन इंजिनिअरांनी तोड काढली होती. त्यांची नावं क्लीन आणि लिंडनर. त्यांच्या युक्तीत पुढचा आणि मागचा आस दुहेरी असतो. आत एक भरीव आस, त्यालाच बाहेरचे दांडे जोडलेले. तो सरळच राहतो. त्याच्या भोवती एक पोकळ आस, आणि चाकं त्या पोकळ आसावर बसवलेली. दोन्ही फक्त मधोमध एका गोळ्याच्या सांध्याने जोडलेले. मनगटात सैल बांगडी घातली की हात सरळ ठेवूनही बांगडी तिरकी करता येते ना, साधारण तसंच. आतला आस फिरतो, त्याच्याबरोबर बाहेरचा फिरतो, पण वळण आलं की बाहेरचा थोडा तिरका होऊन वळणाबरोबर जातो. जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याने अशी चार इंजिनं माथेरानसाठी बनवली. त्यांचे नंबर ७३८ ते ७४१. १९८२ पर्यंत माथेरानला वाफेची इंजिनं धावत होती, मग डिझेलने त्यांची जागा घेतली. त्या चारांपैकी एक, ७४० नंबरचं, पुढे इंग्लंडला गेलं.

गृहस्थांनी जुना फोटो काढून समोर ठेवला. बाजूच्या टाक्या, मधला एकच बफर, चाकं फ्रेमच्या आड लपलेली आणि बाहेर नुसते दांडे. हुबेहूब आमचंच इंजिन! "फोटो पाहून बाहेरचा आकार कुणीही करील," ते म्हणाले, "पण आसाचा हा सांधा बाहेरून दिसतच नाही. तो फक्त तिथल्या फिटरला ठाऊक असणार."

मुलीचे बाबा इतका वेळ काहीच बोलले नव्हते. ते हळूच म्हणाले, "वडील नेरळच्या शेडमध्ये फिटर होते. मी लहान असताना. पुढे त्यांची बदली झाली, मग घरात तो विषय कधी निघालाच नाही."

म्हणजे इंजिनाचा पत्ता लागला, कारागिराचाही लागला. पण माझ्या मनातली टोचणी काही गेली नाही. आजोबांनी माथेरानचं इंजिन केलं, मग घरी 'पहिल्या गाडीचं' असं का सांगितलं?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आजी जुन्या आगरी वळणाचं बोलतात. त्यांच्या तोंडी 'ळ' नाही, आमच्या गावालाही त्या 'बालकूम' म्हणतात. मी भीतभीतच विषय काढला. म्हटलं, "आजी, रागावू नका, पण हे इंजिन ठाण्याच्या पहिल्या गाडीचं नाही, नेरळचं आहे."

आजींनी सूप बाजूला ठेवलं. "मंग? मी कवा म्हटलं ठान्याचं? नेरलचंच हाय ते."

"पण पहिल्या गाडीचं म्हणालात ना?"

"व्हय, पहिल्याच गाडीचं. सकालची पहिली गाडी वर जायची ना, तिचं इंजिन पेटवाचं काम ह्यांचं. रातचं तीनला उठून जायचे."

मी बघतच राहिले. वाफेचं इंजिन बटण दाबून सुरू होत नाही, मित्रांनो. विस्तव पेटवायचा, पाणी तापू द्यायचं, वाफेचा दाब चढेपर्यंत तास न् तास थांबायचं. सकाळी पहिली गाडी सोडायची तर कुणाला तरी मध्यरात्रीनंतर उठावंच लागणार. पावसाळा सोडला तर वर्षानुवर्षं आजोबांनी ते केलं. त्यांच्यासाठी 'पहिली गाडी' म्हणजे तीच. आजी बरोबर, नात बरोबर, सातवीतला मुलगाही बरोबर. चुकलो आम्ही मोठी माणसं. 'पहिली गाडी' हे दोन शब्द ऐकले आणि पुढे एक प्रश्नही न विचारता पाटी रंगवून मोकळे झालो.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. घरात अशी एखादी वस्तू असेल तर ती चकचकीत करायच्या फंदात पडू नका. आमच्याकडे एका मुलाने चिंच आणि राखेने इंजिन घासायची तयारी केली होती! आम्ही ते होऊ दिलं नाही, म्हणून आणखी एक गोष्ट हाती लागली. केबिनच्या बाजूला रंगाखाली काहीतरी खोदल्यासारखं हाताला लागत होतं. रंग खरवडण्याऐवजी आम्ही त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली. नाण्यावर कागद ठेवून तुम्ही करता ना, तसंच. कागदावर इंग्रजी आकडे उमटले. सात, मग चार. आणि तिसरा आकडा अर्धवट! तिथे रंग जाड बसला आहे. निम्मा वर्ग म्हणतो शून्य, निम्मा म्हणतो एक. शून्य असेल तर आजोबांचं इंजिन सातासमुद्रापार गेलं. मुलीने स्वतः शून्याच्या बाजूने मत दिलं, आणि तो कागद आता तिच्या कंपासपेटीत आहे.

पाटीचं काय झालं? ती तशीच ठेवावी असं मुलीचं म्हणणं, आणि सातवीतल्या मुलाचं म्हणणं की ती बदलावी. शेवटी दोघांनी मिळून नवी पाटी लिहिली. चित्रकलेच्या बाईंच्या पाटीइतकी देखणी नाही, एके ठिकाणी शाई फिसकटली आहे. पण मजकूर असा : 'पहिल्या गाडीचे इंजिन. (नेरळहून माथेरानला सकाळी सुटणारी पहिली गाडी.) ओरेनस्टाइन आणि कोपेल, जर्मनी. १९ पट लहान. पुढची-मागची चाके हलतात, ती बिघडलेली नाहीत. कृपया आवळू नये.'

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल!

प्रदर्शनाला आजी आल्या होत्या. नऊवारी, हातात छत्री. दाराशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वाकून बॉयलरवरच्या एका बारीक भोकावर बोट ठेवलं आणि मला म्हणाल्या, "बाई, इथं शिट्टी लावाची होती. ती राहूनच गेली."

ज्यांना पुण्याला जायला मिळेल त्यांनी कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर पाहावं. १९९८ साली ते सुरू झालं, आणि तिथे चालत्या छोट्या गाड्या पाहायला मिळतात. आणि हो, मीटरगेजचे रूळ १००० मिलिमीटर रुंद. आमचं इंजिन मीटरगेजचं असतं तर केबिन किती उंच झाली असती, आणि त्यात कसला ड्रायव्हर लागला असता, ते काढून मला पत्राने कळवा. चित्र काढून पाठवलंत तर उत्तमच.

तुमच्या,
बाई